मागची जागा

न्यू जर्सीच्या अगदी दक्षिण टोकाला केप मे नावाचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेकडील पुळणीवर आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि थोड्याच अंतरावर पाण्यातून एक काळपट, ओबडधोबड ढिगारा वर आलेला दिसत होता. मला तो खडक वाटला. ह्यांनी मात्र पाटी वाचण्याआधीच सांगितले, की हा खडक नाही, काँक्रीट आहे. पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने काही जहाजे चक्क काँक्रीटची बांधली. त्यांपैकी ‘अटलांटस’ हे जहाज १९१८ मध्ये पाण्यात उतरले, पुढे फेरीबोटीचा धक्का करण्यासाठी येथे ओढून आणले गेले आणि जून १९२६ च्या एका वादळात दोर तुटून जे वाळूत रुतले, ते आजतागायत तेथेच आहे. जवळजवळ शंभर वर्षे समुद्र त्याला थोडे थोडे खातो आहे. हे तेथे बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला विचारावे लागले नाही, कारण माझ्याही मनात तेच होते. ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी, ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज भरकटत येऊन रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर आदळले होते आणि आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हाही ते तेथेच कलंडलेले होते.

आमचे मूळ घर मिऱ्याला आहे. सासऱ्यांनी बांधलेले, चिऱ्यांचे, कौलारू. तेथे आता धाकटे दीर आणि जाऊबाई राहतात. आम्ही निवृत्तीनंतर रत्नागिरी शहरातल्या सदनिकेत असलो, तरी गणपती, शिमगा आणि मे महिना आमचा तिकडेच जातो. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आणि बंधाऱ्यापलीकडे समुद्र, अशी त्या घराची मांडणी आहे. ह्यांच्या नोकरीची ऐन उमेदीची वर्षे कोकणातल्या अशाच बंधाऱ्यांवर गेली. उन्हाळ्यात दगड रचायचा, आषाढातल्या उधाणाने त्यातला काही ओढून न्यायचा, दिवाळीनंतर पुन्हा मोजमाप घेऊन अंदाजपत्रक करायचे, हा क्रम त्यांनी निष्ठेने पाळला. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. एकाच किनाऱ्याकडे आम्ही दोघांनी आयुष्यभर पाहिले, पण त्यांनी तो धरून ठेवण्यासाठी आणि मी तो समजावून सांगण्यासाठी. त्यामुळे त्याविषयी आमचे फारसे एकमत कधी झाले नाही.

मुलगा न्यू जर्सीतल्याच एडिसनला असतो. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा आम्ही पहिल्या खेपेलाच पाहिले होते. ह्या वेळी, २०२२ च्या ऑक्टोबरात, मी त्याला सांगितले, की आम्हाला शहरे नकोत, आम्हाला समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाऊ दे. त्याने थोडी कुरकुर केली, नकाशा पुढे घेतला, मग मुक्कामांची ठिकाणे स्वतःच ठरवून दिली. डोळ्यांच्या तक्रारीमुळे ह्यांनी दोन वर्षांपूर्वी गाडी चालवणे सोडले आहे, म्हणून गाडी मी चालवायची आणि नकाशा ह्यांनी सांभाळायचा, असे ठरले. डब्यात भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी घेऊन १२ ऑक्टोबरला सकाळी आम्ही निघालो.

केप मेहून डेलावेअरच्या उपसागरापलीकडील लुईस गावी जायला फेरीबोट आहे. गाडीसकट बोटीत शिरायचे आणि सुमारे दीड तासात पलीकडे उतरायचे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरी केलेल्या माणसाला यात नवे काही नाही, फक्त बोट फार मोठी आहे आणि मधल्या काही वेळात दोन्ही काठ धूसर होतात. शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले ससाणे आणि मोनार्क फुलपाखरे केप मेच्या टोकाशी गोळा होतात, कारण पुढे उघडे पाणी पार करायचे असते आणि त्यासाठी अनुकूल वारा हवा असतो. आम्ही बोटीच्या कठड्याशी उभे असताना एक नारिंगी फुलपाखरू आमच्या बाजूने, पाण्यापासून हातभर उंचीवरून, बोटीच्याच दिशेने जात होते. मेक्सिकोतल्या डोंगरापर्यंत त्याला जायचे होते. मी ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

डेलावेअर आणि मेरीलँडचा किनारा आम्ही फार न रेंगाळता मागे टाकला. असाटीग बेटावरची मोकाट तट्टे पाहिली. एका ठिकाणी कागद अंथरलेल्या टेबलावर मसाला चोपडून वाफवलेल्या कुर्ल्यांचा ढीग ओतला गेला आणि सोबत लाकडी हातोड्या आल्या. चव वेगळी होती, पण कुर्ली फोडून खाताना माणसे जशी बोलायची थांबतात तशी ती येथेही थांबली होती, हे पाहून मला फार बरे वाटले.

चेसापीक उपसागराच्या मुखावरील पुलाची वाट हे दोन दिवसांपासून पाहत होते. तो पूल १९६४ मध्ये खुला झाला. लांबी सुमारे २८ किलोमीटर, आणि मधूनच दोन ठिकाणी तो समुद्राखाली शिरतो. जेथे रस्ता पाण्याखाली जातो आणि जेथे तो पुन्हा वर येतो, तेथे दगड टाकून बेटे तयार केलेली आहेत. सलग पूल का बांधला नाही, याचे कारण आतल्या बाजूला नॉरफॉकचा मोठा नाविक तळ आहे; युद्धात शत्रूने पूल पाडला, तर त्याच्या अवशेषांनी वाट अडून सगळे आरमार आतच कोंडले गेले असते. समुद्राच्या मधोमध रस्ता उतरू लागला आणि समोरच्या बेटापलीकडून एक प्रचंड मालवाहू जहाज आमच्या वाटेवरून आडवे जाऊ लागले, तेव्हा मी स्टिअरिंग घट्ट धरले. हे मात्र काचेला कपाळ टेकून बेटांच्या कडेचा दगड पाहत होते. पलीकडे पोचल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, “काय रचलाय गं दगड!” समुद्रावर माणसाने केलेल्या कामाची दाद ते अशी मोजकीच देतात, आणि ती मनापासून असते.

त्यानंतर नॉर्थ कॅरोलायना सुरू झाले आणि माझा किनारा आला.

भूगोलाच्या पुस्तकात सागरी लाटांच्या निक्षेपणाचे कार्य शिकवताना वाळूचा दांडा आणि खाजण ह्या दोन संज्ञा येतात. मी दरवर्षी फळ्यावर किनाऱ्याची वाकडी रेघ काढून तिच्यापुढे एक लांबट पट्टा काढत असे आणि मधल्या पाण्यात ‘खाजण’ असे लिहीत असे. आउटर बँक्स हा त्या चित्राचाच अवाढव्य अवतार आहे. मुख्य भूमीपासून दूर, समुद्रात, वाळूच्या बारीक पट्ट्यांची रांग शेकडो किलोमीटर गेलेली आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला पॅम्लिको नावाचे उथळ खाजण, ते इतके रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. १५२४ मध्ये व्हेराझानो ह्या इटालियन दर्यावर्द्याने वाळूपलीकडचे हे पाणी पाहिले आणि आपल्याला प्रशांत महासागर दिसला असे त्याला वाटले. त्याची चूक मला त्या रस्त्यावर पूर्ण समजली. काही ठिकाणी पट्टा इतका अरुंद होतो, की गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून पाणी दिसते, आणि पायाखाली जमीन म्हणावी असे काहीच नाही, फक्त वाळू, तिच्यावर लव्हाळे आणि बुटकी झुडपे.

ही वाळू स्थिर नसते. वादळात लाटा पट्ट्यावरून आत येतात, समुद्राकडची वाळू उचलून खाजणाच्या बाजूला टाकतात, आणि अशा रीतीने सगळे बेटच हळूहळू मुख्य भूमीच्या दिशेने सरकत जाते. बेट नाहीसे होत नाही, ते मागे येते. हे मी मुलांना शिकवले होते, पण त्यात घरे, रस्ते आणि माणसे असतात, हे माझ्या फळ्यावरच्या चित्रात कधी आले नव्हते.

किल डेव्हिल हिल्स येथे राइट बंधूंचे स्मारक आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण बारा सेकंद चालले आणि १२० फूट गेले. त्या दिवशीचे चौथे ८५२ फूट. चारही उड्डाणे जेथे संपली तेथे दगड रोवलेले आहेत आणि ते अंतर आम्ही दोघे चालून गेलो. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती एक गोष्ट. त्या पहिल्या उड्डाणाचे प्रसिद्ध छायाचित्र ज्याने टिपले, तो जॉन डॅनियल्स जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरचा माणूस होता. ह्या किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर अशी ठाणी होती, कारण हॅटरसच्या भूशिराजवळ जहाजे फुटत. दक्षिणेकडून येणारा उष्ण गल्फ प्रवाह आणि उत्तरेकडून उतरणारे थंड पाणी तेथे एकमेकांना भिडतात, समुद्रात दूरवर सरकत्या वाळूचे उथळ पट्टे गेले आहेत, आणि म्हणून खलाशी त्या भागाला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणत आले. फळ्यावर मी हे दोन प्रवाह तांबड्या आणि निळ्या खडूने काढत असे.

रोनोक बेटावरच्या मँटिओ गावात ह्या जीवरक्षकांपैकी एका ठाण्याची आठवण एका लहानशा संग्रहालयात जपलेली आहे. रिचर्ड एथरिज हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढला आणि १८८० मध्ये पी आयलंडच्या ठाण्याचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखालची सगळी तुकडी कृष्णवर्णीयांची होती. ११ ऑक्टोबर १८९६ च्या रात्री वादळात ‘ई. एस. न्यूमन’ हे शिडाचे जहाज किनाऱ्याजवळ अडकले. होडी लोटता येईना आणि दोर फेकण्याची तोफ रोवायला कोरडी जागा उरली नव्हती. तेव्हा एथरिजने दोघांच्या अंगाला जाड दोर बांधून त्यांना पाण्यात पाठवले, बाकीच्यांनी किनाऱ्यावर दोर धरला, आणि पुन्हा पुन्हा असे जाऊन त्यांनी जहाजावरच्या नऊही जणांना, कप्तानाच्या पत्नीला आणि त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला धरून, जिवंत बाहेर काढले. ह्या कामगिरीबद्दल त्या तुकडीला सुवर्णपदक मिळाले ते १९९६ मध्ये, पुरी शंभर वर्षे उलटल्यावर, पदक घ्यायला त्यांच्यापैकी कोणीही उरले नसताना. मी त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. दोर धरून पाण्यात उतरणारी माणसे मी मिऱ्याला पाहिली आहेत, आणि काठावर दोर धरणाऱ्या हातांची किंमत मला माहीत आहे.

रोनोकच्या दक्षिणेला ऑरेगॉन इनलेट लागते. १८४६ च्या एका चक्रीवादळाने वाळूचा पट्टा तोडून हे समुद्राचे तोंड पाडले आणि तेव्हापासून ते तोंडसुद्धा दोन मैलांहून अधिक दक्षिणेला सरकले आहे. त्यावरचा १९६३ चा पूल सतत खालून उखडत राहिला, म्हणून २०१९ मध्ये नवा पूल झाला. पुढे बारा क्रमांकाचा रस्ता लागतो. त्या रस्त्यावर वाळू वाहून आलेली होती आणि दोन्ही कडांना बुलडोझरने ती ढकलून ठेवलेली होती. आमच्याकडे पावसाळ्यात घाटात दरडीची माती जशी बाजूला लोटतात, तशी. मग एका ठिकाणी रस्ता एकाएकी जमीन सोडून उजवीकडे खाजणात शिरला, सुमारे चार किलोमीटर पाण्यावरून गेला आणि रोडँथे गावाशी पुन्हा बेटावर आला. हा पूल आम्ही गेलो त्याच वर्षीच्या, २०२२ च्या, जुलैत सुरू झाला होता. मधला जमिनीवरचा रस्ता समुद्र वारंवार घेत होता, म्हणून त्यांनी तो समुद्राला सोडून दिला. ह्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली आणि उतरून मागे पाहिले. “रस्ताच सोडला!” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नापसंती होती आणि थोडा अचंबाही.

रोडँथेच्या पुळणीवर आम्ही चालत गेलो. लाकडी खांबांवर उभी असलेली मोठी घरे तेथे अगदी पाण्यात आली होती. भरतीची लाट खांबांच्या मधून आत जाऊन जिन्याच्या पायऱ्यांवर फुटत होती. त्याच वर्षी १० मे रोजी, एकाच दिवसात, तेथील दोन घरे समुद्रात कोसळली होती. वाळूत अजून खिळे आणि लाकडाच्या कपच्या सापडत होत्या. ह्यांनी विचारले, की मग येथे बंधारा का घालत नाहीत? उत्तर मला मुलाने दिलेल्या पुस्तिकेतून माहीत होते. नॉर्थ कॅरोलायनाने १९८५ पासून महासागराच्या काठावर पक्क्या भिंती बांधायला मनाई केली आहे, कारण भिंत मागचे घर काही काळ वाचवते, पण तिच्यापुढची पुळण नाहीशी होते आणि शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते. हे मी वाचून दाखवले. माझा सूर कदाचित शिक्षिकेचा झाला असेल. ह्यांनी काही उत्तर दिले नाही. मिऱ्याच्या बंधाऱ्यापुढे पूर्वी पुळण होती, तेथे ते लहानपणी खेळले होते, आणि आता तेथे थेट दगडावर पाणी येते, हे आम्हा दोघांनाही माहीत असल्यामुळे मीही पुस्तिका मिटली. पुढच्या वर्षी तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेने अशी दोन घरे विकत घेऊन पाडली आणि ती जागा पुळणीला परत दिली, असे नंतर मुलाकडून कळले.

बक्स्टनला पोचलो आणि झाडांवरून काळ्या-पांढऱ्या सर्पिल पट्ट्यांचा मनोरा दिसू लागला. हॅटरसचे हे दीपगृह १८७० मध्ये पुरे झाले. उंची सुमारे २०० फूट, सगळे विटांचे. बांधले तेव्हा समुद्र १,५०० फूट दूर होता. १९७० पर्यंत तो १२० फुटांवर आला. मग आडव्या भिंती घालून झाल्या, पुळणीवर वाळू आणून टाकली, वाळूच्या पिशव्या रचल्या, आणि दर वादळानंतर समुद्र आणखी जवळ आला. शेवटी १९८८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका समितीने सांगितले, की दीपगृह वाचवायचे असेल तर ते उचलून मागे न्या. गावातल्या अनेकांना हे मान्य नव्हते. हलवताना मनोरा कोसळेल अशी त्यांना भीती होती, आणि ज्याच्याभोवती पिढ्या वाढल्या ते आहे तेथेच राहावे, ही त्यांची इच्छाही मला समजते. पण १९९९ च्या उन्हाळ्यात ते हलवले गेले. सुमारे ४,८०० टनांचा तो मनोरा पायापासून कापून, जॅकवर उचलून, पोलादी रुळांवर ठेवून, एका वेळी पाच-पाच फूट ढकलत, २३ दिवसांत २,९०० फूट मागे नेण्यात आला. त्यामुळे समुद्र त्याच्यापासून पुन्हा जवळजवळ तेवढाच दूर झाला, जेवढा तो १८७० मध्ये होता.

दुरुस्तीसाठी मनोरा बंद होता, त्यामुळे वर चढता आले नाही. ह्यांना त्याचे वाईट वाटले नाही, कारण त्यांचे सगळे लक्ष खाली होते. माहिती देणाऱ्या उद्यान-रक्षक बाईंना त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि मी दुभाषाचे काम केले. पाया कसा होता? तर जुन्या अभियंत्याने खड्ड्यात पिवळ्या पाइनच्या जाड फळ्यांचे दोन थर आडवे-उभे रचले, त्यावर ग्रॅनाइट ठेवला आणि त्यावर मनोरा चढवला. फळ्या जमिनीतल्या गोड्या पाण्यात सतत बुडालेल्या राहिल्या, म्हणून शतकाहून अधिक काळ त्या कुजल्या नाहीत. खारे पाणी आत शिरले असते, तर मात्र त्या टिकल्या नसत्या. रुळांवर मनोरा घसरावा म्हणून साबण चोळला होता, हे ऐकून हे मनापासून हसले. मनोरा कलतो का, हे पाहण्यासाठी जागोजागी यंत्रे लावलेली होती. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी वही खिशात ठेवली आणि जुन्या जागेकडे चालू लागले.

जुन्या जागेवर आता केवळ वाळू आहे आणि लाटेचा आवाज. जुन्या पायातल्या ग्रॅनाइटच्या दगडांवर दीपरक्षकांची नावे कोरून ठेवलेली आहेत, ते आम्ही येताना पाहिले होते. पुळणीवर उभे राहून ह्यांनी मागे, मनोऱ्याकडे पाहिले, मग पुढे समुद्राकडे, आणि मनातल्या मनात ते अंतर मोजले असावे. मी वाट पाहत होते की ते आता म्हणतील, तुझेच बरोबर होते. मुलगा आणि मी दोन वर्षांपासून म्हणत आलो आहोत, की मिऱ्याचे घर सोडून दिरांनी आत कोठेतरी जागा घ्यावी. ह्यांनी त्या बोलण्याला कधी दाद दिली नव्हती. ते म्हणाले, “हलवायला मागे जागा हवी. ह्यांच्याकडे होती.”

ते खरे होते आणि मी इतकी वर्षे ते लक्षात घेतले नव्हते. हॅटरसच्या मागे राष्ट्रीय उद्यानाची मोकळी जमीन होती आणि जवळपास १ कोटी २० लाख डॉलर खर्च करण्याची तयारी होती. रोडँथेची घरे बहुतेक सुट्टीतली, दुसरी घरे आहेत. मिऱ्याच्या घराच्या मागे विहीर, तिच्या मागे पाच-सहा माडांची वाडी, मग शेजाऱ्यांचा गडगा, त्यामागे त्यांचे घर. माझ्या फळ्यावर किनारा मागे सरकत असे तेव्हा मागचा भाग मी नेहमी कोराच ठेवत असे.

दुसऱ्या दिवशी हॅटरस गावाहून बिनपैशाच्या फेरीबोटीने ओक्राकोक बेटावर गेलो. ही बोट पूर्वी सरळ जात असे. आता मध्ये वाळू साठल्यामुळे वळसा घेऊन तासाहून अधिक वेळ घेते. बोट सुटताना डावीकडे हॅटरस इनलेटचे तोंड दिसत होते. यादवी युद्धात तेथे दक्षिणेचे दोन किल्ले होते आणि ते २८ व २९ ऑगस्ट १८६१ रोजी उत्तरेच्या फौजांनी घेतले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी आवळत गेली, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्या पैशांवर उभ्या राहिलेल्या मुंबईतल्या कितीतरी कंपन्या व पेढ्या बुडाल्या. त्यांत समुद्र हटवून जमीन करायला निघालेली बॅक बेची कंपनीही होती. कापसाच्या धड्यात मी हे दरवर्षी सांगत असे, पण त्या गोष्टीची एक कडी वाळूच्या ह्या टोकावर होती, हे तेथे उभे राहिल्यावर प्रथमच जाणवले.

ओक्राकोकला एका शांत गल्लीत, ओकच्या झाडांखाली, पांढऱ्या कुंपणात चार कबरी आहेत. मे १९४२ मध्ये ‘बेडफर्डशायर’ ही ब्रिटिश गस्ती नौका जर्मन पाणबुडीने बुडवली. तिच्यावरचा कोणीही वाचला नाही. वाहून आलेल्या चौघांना गावकऱ्यांनी आपल्या जागेत पुरले. दोघांची ओळख पटली, दोघांची नाही. तेथे आजही ब्रिटनचा झेंडा असतो. ह्यांनी कुंपणाबाहेर चपला काढल्या. बाजूने जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिले आणि टोपी काढून मान लववली.

संध्याकाळच्या बोटीने आम्ही बक्स्टनला परतलो. दिवाळीची अमावास्या तीन-चार दिवसांवर आली होती, त्यामुळे चंद्र नव्हता. जेवून आम्ही मुक्कामामागच्या पुळणीवर जाऊन बसलो. झाडांवरून हॅटरसचा झोत समुद्रावर जाई, नाहीसा होई, पुन्हा येई. दर साडेसात सेकंदांनी. लग्न होऊन मिऱ्याला आले तेव्हा रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा उजेड मोजत मला झोप लागत असे. नव्या घरात तेवढी एकच गोष्ट मला माहेरच्या घड्याळासारखी नेमाची वाटली होती. हे मी ह्यांना सांगितले. चाळीस वर्षांत कधी सांगितले नव्हते.

त्यांनी थोड्या वेळाने फोन काढला. रत्नागिरीला पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि दीर त्या वेळी उठून विहिरीवर आलेले असतात. इकडची-तिकडची चौकशी झाली. बसरा स्टार तसेच आहे, जाऊबाईंनी चकलीची भाजणी दळून आणली आहे, पाऊस अजून जात नाही. मग हे म्हणाले, “एक काम कर रे. विहिरीपासून मागच्या गडग्यापर्यंत पावलं मोज. आणि गडग्यापलीकडची जागा ते देणार आहेत का, सहज विचारून ठेव.”

तिकडे काही क्षण नुसता समुद्राचा आवाज आला. मग चपलांचा आवाज, आणि दिरांचा मोठ्याने मोजणारा आवाज. एक, दोन, तीन. ह्यांनी फोन माझ्या बाजूला धरला. झोत आमच्यावरून समुद्राकडे गेला, आणि मीही मोजू लागले.